गुळवेल : गुण आणि सावधगिरी

अंबरनाथ पश्चिमेची वस्ती मागे टाकून मलंगगडाच्या दिशेने निघाले की कुंपणांवर, आंब्यावर, कडुलिंबावर चढलेली एक वेल दृष्टीस पडते. तिची पाने विड्याच्या पानासारखी हृदयाकृती असतात, खोडावर कागदासारखा सुटणारा पातळ पापुद्रा असतो आणि फांद्यांवरून सुतळीसारखी मुळे हवेत लोंबत असतात. हीच गुळवेल. नावात गूळ असला तरी चवीला ती कडूजहर. संस्कृत ग्रंथांतून तिला गुडूची, अमृता आणि छिन्नरुहा ही नावे आहेत. छिन्नरुहा म्हणजे तोडली तरी पुन्हा रुजणारी. तुकडा काढून झाडावर टाकून दिला तरी तो हवेतून मुळे सोडतो व जमीन गाठतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या नावाचे नवल वाटणार नाही.

औषधासाठी मुख्यतः तिचे खोड वापरतात. जीर्णज्वर, वातरक्त, प्रमेह, त्वचेचे विकार यांवर आयुर्वेदात तिचे स्थान मोठे आहे. कडुलिंबावर वाढलेली वेल अधिक गुणकारी, असा वैद्यांचा समज आहे. खोड ठेचून पाण्यात भिजत घालावे, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी काढून उरलेला पांढरा साका वाळवावा, म्हणजे गुळवेलीचे सत्त्व तयार होते. आटवलेल्या काढ्याच्या घनापासून संशमनी वटी करतात. कोरोनाच्या साथीत, ऑक्टोबर 2020 मध्ये, केंद्रीय आयुष मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या उपचार-मार्गदर्शिकेत गुडूची घनवटीचा समावेश होता आणि त्यानंतर घरोघरी काढ्याची पातेली चुलीवर चढली.

याच काळात आपल्या ठाणे जिल्ह्यात एक उल्लेखनीय गोष्ट घडली. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांच्या गटाने वनधन केंद्राच्या साहाय्याने गुळवेल गोळा करून, वाळवून थेट औषधनिर्मात्यांना विकण्यास आरंभ केला. सुमारे 350 टनांची, 1 कोटी 57 लाख रुपयांची मागणी त्यांना मिळाल्याचे शासनाने 2021 मध्ये जाहीर केले. एरवी वीटभट्टीसाठी गाव सोडणाऱ्या समाजाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे.

परंतु त्याच सुमारास मुंबईहून वेगळी वार्ता आली. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या चार महिन्यांत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण तेथील यकृततज्ज्ञांनी पाहिले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. हा अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध होताच मंत्रालयाने आक्षेप घेतला की, वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. गुळवेलीची एक भावकी, टिनोस्पोरा क्रिस्पा, दिसायला तिच्यासारखीच आहे. तिच्या करड्या खोडावर उठावदार गाठी असतात व कापल्यास दुधासारखा चीक येतो, तर खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट असते, त्यावर अशा गाठी नसतात आणि चीकही येत नाही. क्रिस्पा ही विषारी ठरू शकते, असे मंत्रालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये सूचित केले आणि खरी गुळवेल सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला.

तथापि प्रश्न तेथे मिटत नाही. देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांची तपासणी केली असता त्यांत गुळवेलच आढळली. सेवनास आरंभ केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ साधारणपणे दीड महिन्याचा होता. अनेकांना यकृताचा जुना विकार आधीपासून होता. यकृताच्या ऊतींच्या तपासणीत, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटावी तशी चिन्हे दिसली. प्रतिकारशक्ती चेतविणे हाच जिचा गुण सांगितला जातो, तिच्याबाबत ही शक्यता विचारात घेतलीच पाहिजे. लाखो लोकांनी घेऊनही ज्यांना इजा झाली ते थोडे, हे खरे. पण त्या थोड्यांत आपण नाही, हे आधी कोणास ठाऊक असते?

यास्तव यकृताचा विकार, संधिवातासारखे स्वयंप्रतिकार विकार किंवा अवयवरोपणानंतरची औषधे चालू असलेल्यांनी गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास रक्तातील साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. गरोदर व स्तनदा मातांनी वैद्यांना विचारल्याखेरीज ती टाळावी. शस्त्रक्रिया ठरली असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य आपण शाळेतल्या मुलांसमोरही सहज बोलून जातो. तेवढे सोडले पाहिजे.

शाळेच्या परसबागेत वेल लावावयाची असल्यास ओळख पटलेल्या वेलीचीच फांदी आणावी आणि दोन्ही जातींतील फरक मुलांना खोड दाखवून समजावावा. तोडताना मूळ व खालचा भाग राखावा, म्हणजे वेल पुन्हा फुटते. आणि डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना जाणे अशी लक्षणे दिसल्यास काढा तत्काळ थांबवून रुग्णास आरोग्य केंद्रात न्यावे. तेथे केवळ ‘काही घरगुती घेत होतो’ असे मोघम न सांगता उरलेली वटी, काढ्याची बाटली आणि मिळाल्यास त्या वेलीचा तुकडा डॉक्टरांपुढे ठेवावा.