पट्टा सरकतो तेव्हा : ड्रम सँडरची निगा व दुरुस्ती

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि पनवेल बंदराचे घाटमाथ्याशी असलेले दळणवळण वाढीस लागले. या वाहतुकीच्या आधारे पनवेलमध्ये बैलगाडीची चाके घडविण्याचा धंदा नावारूपास आला. जुन्या गॅझेटियरांत या गावाचा प्रमुख उद्योग म्हणून त्याची नोंद आहे. देशावरून आलेला गाडीवान परतताना चाकांची जोडी घेऊन जात असे, असाही उल्लेख त्यांत आढळतो. तुंबा, आरे आणि लोखंडी धाव यांचा मेळ घालणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने एक गोष्ट उघड होती. कणा तिरका बसला की गाडी एका बाजूस ओढते आणि बैलाला आसूड मारून हा दोष जात नाही.

लाकूडकामात आता विजेवर चालणारी यंत्रे आली असली, तरी हा नियम बदललेला नाही. फळीचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करणाऱ्या ड्रम सँडर या यंत्रात नेहमी उद्भवणारी एक अडचण म्हणजे फळी पुढे नेणारा पट्टा एका बाजूस सरकणे. सुतारकामाचे लहान कारखाने, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि बचत गटांची उत्पादन केंद्रे यांच्या दृष्टीने या अडचणीची कारणमीमांसा उपयुक्त ठरेल.

यंत्राची रचना

या यंत्रात पॉलिश पेपर गुंडाळलेला एक आडवा ड्रम वेगाने फिरत असतो. त्याच्याखाली सपाट पाट्यावरून एक रुंद, अखंड पट्टा संथपणे सरकतो. हा पट्टा दोन रुळांवर ताणलेला असतो. एक रूळ मोटारीने फिरतो व दुसरा पट्ट्याबरोबर फिरतो. पट्ट्यावर ठेवलेली फळी ड्रमखालून जाते व घासली जाऊन बाहेर पडते. रुळाच्या दोन्ही टोकांशी ताण कमीजास्त करण्याचे स्क्रू असतात. पट्टा मधोमध चालला तर काम एकसारखे होते. तो कडेला गेला तर चौकटीवर घासून त्याची कड फाटते, फळी तिरकी जाते आणि महागडा पट्टा अल्पावधीत निकामी होतो.

पट्टा का सरकतो?

याची कारणे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. दोन रूळ एकमेकांना समांतर नसतील, तर येणारा पट्टा रुळाच्या ज्या टोकाला प्रथम टेकतो, त्या टोकाकडे तो सरकत जातो. डोळ्यांना न दिसणारा फरकसुद्धा प्रत्येक फेरीत साचत जातो.

दुसरे कारण रुळाच्या जाडीशी निगडित आहे. खेड्यातील जुन्या पिठाच्या गिरणीत सपाट पट्ट्याची कप्पी मध्यभागी किंचित फुगीर ठेवीत, हे अनेकांनी पाहिले असेल. पट्ट्याची प्रवृत्ती रुळाच्या जाड भागाकडे चढण्याची असते. म्हणून फुगीर कप्पीवर तो मध्यभागी टिकतो. परंतु हाच गुण ड्रम सँडरमध्ये दोष ठरू शकतो. येथील रूळ बहुधा सरळ असतात. त्यांच्या एका टोकाशी भुसा व राळ यांचा थर साचला, तर ते टोक जाड होते आणि पट्टा तिकडे धाव घेतो.

अशा वेळी कामगार बहुधा प्रथम स्क्रू आवळतो. पट्टा तात्पुरता जागेवर येतो; पण मूळ दोष तसाच राहून वर दुसरा दोष चढविला जातो. पुढे थर वाढला की पुन्हा स्क्रू आवळावा लागतो. शेवटी रूळ वाकतो किंवा त्याची बुशे झिजतात. पट्टा सरकणे हे रोगाचे लक्षण आहे, रोग नव्हे, हे ध्यानी घेतले तर बरेचसे नुकसान टळते.

तपासणीचा क्रम

स्क्रूला हात लावण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी. या वेळी यंत्र बंद करून त्याचा विजेचा प्लग काढून ठेवणे अत्यावश्यक आहे.

१. दोन्ही रूळ, पाटा आणि पट्ट्याची आतील बाजू स्वच्छ करावी. पुष्कळदा एवढ्यानेच दोष दूर होतो.

२. यंत्र समतल जमिनीवर आहे काय, हे पाणसळीने पाहावे. चौकट पिळवटली तर रूळही समांतर राहत नाहीत.

३. दोन्ही रुळांच्या मध्यांतील अंतर उजव्या व डाव्या बाजूस मोजावे. ते सारखे असले पाहिजे.

४. रूळ हातांनी हलवून बेअरिंग किंवा बुश ढिले झाले आहे काय, हे पाहावे.

५. पट्ट्याचा जोड कडेशी योग्य कोनात आहे काय आणि दोन्ही कडांची लांबी सारखी आहे काय, हे तपासावे.

दोष पट्ट्याचा की यंत्राचा, हे ठरविण्याची एक सोपी कसोटी आहे. पट्टा काढून त्याची डावी कड उजवीकडे येईल अशा रीतीने उलटून बसवावा आणि फळी न घालता चालवावा. सरकण्याची दिशा बदलली तर दोष पट्ट्यात आहे. दिशा तीच राहिली तर तो यंत्रात आहे. पट्ट्यावर दिशादर्शक बाण असल्यास चाचणीनंतर तो पूर्ववत बसवावा.

स्क्रूची जुळणी

एवढे करूनही पट्टा सरकत असेल, तरच स्क्रूकडे वळावे. प्रथम दोन्ही बाजूंचा ताण सारखा करावा. पट्टा चालविणाऱ्या रुळावर घसरणार नाही, इतकाच ताण पुरेसा असतो.

नंतर ड्रम बंद ठेवून केवळ पट्टा चालवावा. पट्टा ज्या बाजूस सरकत असेल, त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा आवळावा आणि विरुद्ध बाजूचा तेवढाच सैल करावा. आवळलेल्या बाजूचे टोक बाहेर ढकलले जाते, त्यामुळे पट्टा विरुद्ध टोकाला आधी टेकतो व तिकडे परततो.

यापुढील पायरी संयमाची आहे. पट्ट्याची एकूण लांबी दीड मीटर व वेग मिनिटाला एक मीटर असेल, तर एका फेरीस दीड मिनिट लागते. पाच फेऱ्या पाहावयाच्या तर साडेसात मिनिटे थांबावे लागते. तेवढा धीर न धरता पुन्हा पाव फेरा दिला, तर पट्टा दुसऱ्या कडेला जातो आणि दुरुस्ती दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहते.

पट्टा रिकामा असताना नीट चालतो, पण फळी घालताच सरकतो, असेही घडते. अशा वेळी ड्रम पाट्याशी समांतर आहे काय, हे पाहावे. एक रुंद फळी घासून तिच्या दोन्ही कडांची जाडी मोजली की फरक कळतो. दाब देणाऱ्या रुळांचा असमान दाब आणि सतत एकाच कडेने लाकूड घालण्याची सवय यांचाही परिणाम होतो.

सुरक्षितता आणि आरोग्य

चालता पट्टा हाताने मध्यभागी ढकलण्याचा मोह घातक आहे. पट्टा व रूळ यांच्या सांध्यात बोट ओढले जाण्यास क्षणही पुरतो. सैल बाही, ओढणी, लुंगी आणि हातमोजे यंत्राजवळ वर्ज्य समजावेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने धोकादायक यंत्रभागांना आवरण घालण्याचा दंडक घालून दिला होता. लहान कार्यशाळेतही हाच दंडक पाळणे कामगाराच्या हिताचे आहे.

रुळांवर साचणारा बारीक भुसा कामगाराच्या श्वासातही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. म्हणून धूळ ओढून घेणारी यंत्रणा ही चैनीची बाब नाही. तिच्यामुळे पट्ट्याचे आयुष्य वाढते आणि माणसाचेही रक्षण होते.

पावसाळा आणि प्रशिक्षण

पनवेलसारख्या किनारपट्टीच्या भागात पावसाळ्यातील दमट हवा यंत्रावर परिणाम करते. कापडी अस्तराच्या पट्ट्याचा ताण बदलतो, रुळांना गंज चढतो आणि ओलसर लाकडाचा भुसा चिकटून बसतो. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर संपूर्ण तपासणी करावी आणि दीर्घकाळ यंत्र बंद ठेवायचे असल्यास पट्ट्याचा ताण सैल करावा.

प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांनी यंत्र चालविण्याबरोबर दोष शोधण्याचा क्रमही शिकवावा. प्रत्येक यंत्राजवळ एक नोंदवही ठेवून तारीख, आढळलेला दोष, केलेली सफाई आणि स्क्रूला दिलेले फेरे यांची नोंद करावी. एकाच बाजूचा स्क्रू पुनःपुन्हा आवळावा लागत असल्याचे त्या वहीतून दिसले, तर दोष अन्यत्र आहे, हे नवशिक्या कामगारालाही उमगेल. ग्रामपंचायती वा अन्य संस्था अनुदानातून अशी यंत्रे घेतात तेव्हा सुटे पट्टे, धूळ ओढणारी यंत्रणा आणि यंत्र सांभाळणाऱ्याचे प्रशिक्षण यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. अन्यथा पट्टा फाटल्याच्या दिवशी यंत्र कोपऱ्यात जाते आणि ज्यांच्या रोजगारासाठी ते आणले, त्यांना पुन्हा हातात पॉलिश पेपर घ्यावा लागतो.