बॅटरी फवारणी पंप : लहान-मोठ्या थिंबलची योग्य जोडणी

यवतमाळ जिल्ह्यातील कपाशी उत्पादकांकडे हातपंपासोबत बॅटरीवर चालणारे पाठीवरचे पंपही आता सर्रास दिसतात. या पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास क्षमतेची बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. काही हंगामांनंतर ती बदलावी लागते. नवी बॅटरी व्होल्टने, क्षमतेने व आकाराने तीच असते. परंतु तिची टर्मिनलची पाती वेगळ्या मापाची निघतात आणि जुन्या वायरचे थिंबल त्यांवर नीट बसत नाही. अशा वेळी केलेली कामचलाऊ जोडणी भर फवारणीत दगा देते.

सन २०१७ च्या खरिपात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. त्याची कारणे वेगळी होती. तरीही डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत पंप बंद पडल्यास औषधाने भिजलेल्या हातांनी तो उघडावा लागतो व फवारलेल्या पिकात जास्त वेळ थांबावे लागते. हा धोका टाळता येण्यासारखा आहे.

मापातील फरक

अशा बॅटरींची पाती मुख्यतः दोन रुंदींची असतात : ४.८ मि.मी. व ६.३ मि.मी. फरक केवळ दीड मिलिमीटरचा असल्याने नुसत्या नजरेला तो चटकन कळत नाही. म्हणून बॅटरी घेण्यास जाताना जुनी बॅटरी सोबत न्यावी.

मोठे थिंबल लहान पात्यावर ढिले राहते. ते पकडीने दाबून बसविले तरी एका-दोन ठिकाणीच टेकते. पंपाची मोटर सुमारे ३ अँपिअर वीज घेते असे धरू. ढिल्या जोडात अर्धा ओहम विरोध आला, तर तेथेच दीड व्होल्ट खर्ची पडतात आणि साडेचार वॅट उष्णता निर्माण होते. मोटरला पुरेसा दाब मिळत नाही, फवारा तुटक येतो आणि थिंबलचे प्लास्टिक वितळू लागते. पुष्कळदा दोष जोडाचा असतो आणि बदलली जाते बॅटरी!

काय करू नये

लहान थिंबल बसावे म्हणून मोठे पाते कानशीने घासू नये. त्यावरील कथलाचा मुलामा निघून जातो. पाते वाकवू वा पिळू नये. मुळाशी सील फुटून आम्ल झिरपते. पात्यावर थेट डाग देऊ नये; उष्णतेने सील खराब होते. उघडी तार गुंडाळून वर चिकटपट्टी लावणे हाही उपाय नव्हे.

योग्य पद्धत

पाते आहे तसे ठेवून वायरचे थिंबल बदलावे, हा साधा नियम आहे.

१. टाकी रिकामी करून पंप बाहेरून धुवावा, हात साबणाने धुवावेत. स्विच बंद करून चार्जर काढून ठेवावा.
२. एका वेळी एकच वायर सोडवावी. दोन्ही उघडी टोके एकमेकांस लागल्यास ही छोटी बॅटरीही क्षणात शंभराहून अधिक अँपिअर वीज सोडू शकते.
३. पात्याच्या मापाचे थिंबल घ्यावे. लाल आवरणाचे थिंबल ०.५ ते १.५ चौ.मि.मी. तांब्याच्या वायरला चालते.
४. वायरचे आवरण ६ ते ७ मि.मी. सोलून सर्व तारा थिंबलमध्ये घालाव्यात व थिंबल दाबण्याच्या खास पकडीने दाबावे. हाताने ओढून पाहावे.
५. लाल वायर अधिक टोकाला व काळी उणे टोकाला बसवावी. उलट जोडणी झाल्यास चार्जर व पंपाचे सर्किट जळू शकते.
६. फ्यूज मूळ क्षमतेचाच ठेवावा.

पकड नसल्यास लहान-मोठ्या मापाचा पितळी अडॅप्टर वापरता येतो. परंतु त्यामुळे हादरे खाणारा आणखी एक जोड वाढतो, म्हणून तो तात्पुरता समजावा.

तपासणी

पंपात साधे पाणी भरून दहा मिनिटे चालवावा. नंतर पंप बंद करून जोडास हात लावावा. तो गरम लागल्यास जोडणी पुन्हा करावी. मल्टिमीटर असल्यास पंप सुरू असताना पाते व त्याच थिंबलची वायर यांमधील फरक मोजावा, तो ०.१ व्होल्टपेक्षा कमी असावा.

रानडुकरे व रोही यांपासून पिकाच्या राखणीसाठी वापरल्या जाणाऱ्या झटका मशीनलाही हाच नियम लागू आहे. तिच्या मोठ्या बॅटरीला नट-बोल्ट असल्यास बोल्टच्या मापाचे गोल थिंबल लावावे. मशीन बंद पडली म्हणून कुंपणात घरगुती वीज कदापि सोडू नये. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसांचेही जीव जातात.

निकामी बॅटरी फोडू नये, उकिरड्यावर टाकू नये. विक्रेत्याकडे परत द्यावी. हंगामापूर्वी एक थिंबल बदलण्यास दहा मिनिटे पुरतात. तेवढी काळजी शेतकरी बंधूंनी घरीच घ्यावी, म्हणजे उभ्या पिकात पंप उघडण्याची पाळी येणार नाही.