रेघ वर गेली, मग लिहायचं काय?

प्रश्न : शेंदुरजनाघाटला माझी संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. यंदा पोराने वेबसाइट काढून दिली, आता तिच्यावर लेख टाकायचे आहेत. पोरगा म्हणते, "बाबा, लोकं काय शोधून राहिले ते गूगल ट्रेंड्सवर पाहा अन् तेच लिहा." मी 'संत्रा कलम' टाकलं, तर पुरेशी माहिती नाही असं आलं. 'अमरावती' टाकलं, तर जोडीला आलेले निम्मे शब्द आंध्राच्या राजधानीचे. आमच्याकडचं कोणी काही शोधतच नाही का? का हे पुण्या-मुंबईवाल्यांचंच काम आहे?
— एक वाचक, ता. वरूड

उत्तर : शोधतात, भाऊ. ट्रेंड्सला ते दिसत नाही, एवढंच. गूगलवर होणारे सगळेच्या सगळे शोध हे साधन मोजत नाही. त्यातला एक नमुना घेतं, आणि ज्या शब्दाचे शोध त्यात फार थोडे सापडतात त्याला शून्य देतं किंवा पुरेशी माहिती नाही म्हणून मोकळं होतं. वरूड-मोर्शीकडचे बागायतदार मिळून 'संत्रा कलम' हेच दोन शब्द वर्षातून कितीदा टाइप करणार? त्यातही सगळे देवनागरीत थोडेच लिहितात. कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो, कोणी 'ऑरेंज प्लांट प्राइस' लिहितो. २०१७ पासून गूगलशी मराठीत बोलता येऊ लागलं, तेव्हा कोणी माइकचं बटण दाबून सरळ विचारतो, "संत्र्याचे फळं गळून राहिले, कोणती फवारणी मारू?" गरज एकच, पण ट्रेंड्समध्ये शब्द टाकून पाहणाऱ्याला हे सगळे वेगवेगळे शोध, आणि प्रत्येकापुढे शून्य.

नुसतं 'कलम' मात्र टाकून पाहू नका. कायद्याची कलमं अंगावर येतील. ऑगस्ट २०१९ मध्ये कलम ३७० च्या गदारोळात ट्रेंड्सच्या आलेखात या शब्दाची रेघ कुठे गेली असेल, त्याचा तुमच्या रोपांशी काडीचा संबंध नाही.

आता त्या रेघेबद्दल. तिच्या बाजूला ० ते १०० असे आकडे असतात आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते. १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत, शंभर टक्केही नव्हेत. तुम्ही निवडलेल्या मुलखात, निवडलेल्या काळात त्या शब्दाचा एकूण शोधांमधला वाटा जेव्हा सर्वांत मोठा होता, त्याला १०० धरतात; बाकी सगळं त्या प्रमाणात. आकडे मनाचे घेऊन गणित मांडतो. समजा, २०१० च्या एका महिन्यात महाराष्ट्रातून हजार शोध झाले आणि त्यातले दहा संत्र्याचे. वाटा एक टक्का. २०२५ च्या त्याच महिन्यात लाख शोध झाले, त्यातले पाचशे संत्र्याचे. वाटा अर्धा टक्का. शोध पन्नास पट झाले आणि रेघ मात्र निम्म्यावर आली!

हे नुसतं कागदावरचं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, स्वस्त डेटा गावोगाव पोचला, आणि त्याबरोबर क्रिकेट, सिनेमा, गाणी, निकाल शोधणारेही आले. त्या गर्दीत शेतीच्या शब्दाचा वाटा घटू शकतो, शोधणारे शेतकरी वाढत असले तरी. म्हणून २००४ पासूनची, म्हणजे ट्रेंड्सकडे आहे तेवढी सगळी रेघ काढून कोणी तुम्हाला "संत्र्यातला लोकांचा रस संपला" असं सांगितलं, तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. शहरांच्या यादीचंही तेच. अकोल्यापुढे १०० आणि पुण्यापुढे १२ दिसले, तर अकोल्यात जास्त माणसं शोधतात असं नव्हे. अकोल्याच्या एकूण शोधांत त्या शब्दाचा वाटा मोठा आहे. जिल्हा किंवा तालुका निवडायची सोय नाही. महाराष्ट्र निवडायचा आणि खाली शहरांची नावं दिसली तर दिसली.

अमरावतीचं तुमचं दुखणं मात्र खरं आहे. आंध्राने नव्या राजधानीला हेच नाव घेतलं, २२ ऑक्टोबर २०१५ ला तिची पायाभरणी झाली, आणि तेव्हापासून आपल्या अंबानगरीला गूगलवर शेजार मिळाला. इंग्रजीत दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये एका 'ए'चा फरक आहे, पण लिहिणारे तो पाळत नाहीत. अकोल्याचीही अशीच गाठ अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याशी, म्हणजे अकोलेशी, पडते. यावर उपाय आहे. शब्द लिहिल्यावर लगेच एंटर मारू नका. खाली यादी उघडते. तीत नुसता शोधशब्द एकीकडे आणि 'महाराष्ट्रातलं शहर' असा विषय दुसरीकडे असतो. विषय निवडला की वेगवेगळ्या लिपींत आणि भाषांत केलेले शोध एकत्र धरले जातात आणि आंध्र बऱ्यापैकी बाजूला होतं. संत्र्यालाही तेच करा, फळ निवडा. नाहीतर ऑरेंज हा रंगही आहे आणि फ्रान्सची एक टेलिफोन कंपनीही.

इतकं करून जी रेघ मिळेल, तीसुद्धा तुमच्या कामाची असेलच असं नाही. मला वाटतं खरी गोम इथे आहे. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे बाजारात येऊ लागतं, मग लोक संत्र्याचे फायदे शोधतात, रस शोधतात. २०२० मध्ये कोविडच्या भीतीने जगभर व्हिटॅमिन सी शोधलं गेलं. ही सगळी खाणाऱ्यांची रेघ. तुमचं गिऱ्हाईक खाणारं नाही, लावणारं आहे. त्याचं वर्ष वेगळं चालतं. डिसेंबर-जानेवारीत तो आंबियासाठी बागेला ताण देतो, उन्हाळ्यात मृग बहारासाठी देतो. पावसाळ्यात कलमा लावतो. ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळीने त्याची झोप उडते. थंडीत खाणाऱ्यांची रेघ वर गेली म्हणून तुम्ही 'संत्रं खाण्याचे दहा फायदे' लिहिलंत, तर वाचायला दिल्लीचा माणूस येईल. तो कलम कशाला नेईल?

मग ट्रेंड्सचा उपयोग कशासाठी? माझ्या मते मुख्यतः वेळ कळण्यासाठी. पाच वर्षांची रेघ काढा आणि उंचवटा दर वर्षी त्याच सुमाराला येतो का एवढंच पाहा. एका वर्षाच्या रेघेवर विसंबाल तर फसाल. सोयाबीनचंच बघा. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याकडच्या बाजारांत सोयाबीनने क्विंटलला १० हजारांचा टप्पा ओलांडला. नवं पीक अजून शेतात उभं, जुनं बहुतेकांनी केव्हाच विकून टाकलेलं, तरी ज्याच्या-त्याच्या तोंडी सोयाबीन. त्या एका वर्षाची आकडेवारी घेऊन कोणी 'सोयाबीनच्या भावाचा लेख ऑगस्टात टाकावा' असं ठरवलं असतं, तर पुढच्या ऑगस्टात त्याला कोणी विचारलं नसतं. सोयाबीन घरात येतं ते दसऱ्या-दिवाळीला, आणि भाव बघायची घाई तेव्हाच असते.

वेळ कळली की लेख महिना-दीड महिना आधी टाका. गूगलला नवं पान सापडायला आणि त्याची पारख व्हायला दिवस लागतात. फळगळ सुरू झाल्यावर फळगळीचा लेख लिहिला, तर तो वाचला जाईल तोवर फळं खाली.

विषय कुठून आणायचे हे मात्र ट्रेंड्सला विचारूच नका. ते तुमच्या रोपवाटिकेतच आहेत. जुलैत गिऱ्हाईक येतं ते आधी पिशवी उचलून डोळा कुठे भरलाय ते बघतं. मग विचारतं: जंबेरी खुंटावरची का रंगपूरवरची? माझी जमीन भारी आहे, पाणी धरते, तिथे कोणती टिकेल? डोळा मातीखाली गेला तर काय होते? अठरा बाय अठरावर लावू का जवळ घेऊ? मागच्या खेपेच्या झाडांना डिंक्या आला, तो कलमेतूनच आला का? या एकेका प्रश्नाचा एकेक लेख होतो. जंबेरीपेक्षा रंगपूर खुंट डिंक्याला कमी बळी पडतो, डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर असावा, लावताना तो मातीत गाडू नये, हे तुम्हाला पाठ आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आणि नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या शिफारशी हाताशी ठेवा, आणि त्याला तुमच्या वाफ्यातले फोटो जोडा. चांगला डोळा आणि फसलेला डोळा शेजारी-शेजारी दाखवणारा एक फोटो दहा परिच्छेदांचं काम करील. गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारतं त्याच शब्दांत मथळा द्या. 'फायटोफ्थोरा व्यवस्थापन' असा मथळा विद्यापीठाला शोभतो. तुमच्या माणसाला 'झाडाला डिंक्या आला' हवं.

दोन साधी कामं पोराकडे सोपवा. एक, गूगलच्या खोक्यात 'संत्रा झाड' एवढंच लिहून थांबायचं आणि खाली कोणत्या सूचना येतात ते टिपायचं. दुसरं, सर्च कन्सोल नावाचं फुकट साधन वेबसाइटला जोडायचं. लोकांनी काय लिहिलं तेव्हा तुमचं पान त्यांच्यापुढे आलं, हे तिथे दिसतं. पान दिसलं पण कोणी उघडलं नाही, तेही दिसतं. अगदी विरळा शब्द तिथेही झाकलेले असतात, तरी चार-सहा महिन्यांत जे जमेल ते तुमच्या गिऱ्हाइकांचं असेल, साऱ्या महाराष्ट्राचं नव्हे.

'आजचे संत्रा भाव' या फंदात पडू नका. 'अॅग्रोवन'सारखं दैनिक, पणन मंडळ, बाजार समित्या ते रोज देतात. त्यांच्याशी धावण्याची शर्यत लावून रोपवाटिकेला काही मिळायचं नाही.

प्रश्न : आम्ही मित्र मिळून अकोला-अमरावतीची माहिती देणारी वेबसाइट चालवतो. ट्रेंड्समध्ये काही शब्दांपुढे 'ब्रेकआउट' येतं. ते विषय लगेच धरावेत का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : वाढ ५ हजार टक्क्यांहून जास्त असली की आकड्याऐवजी ते लेबल लागतं. ऐकायला मोठं वाटतं; पण आधी दोन होते ते एकशे दोन झाले की ५ हजार टक्के भरतातच. पाया किती लहान होता ते लेबल सांगत नाही.

आपल्याच भागातली उदाहरणं घ्या. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. तेव्हा हा विषय देशभर गेला. आज त्यावर लेख लिहिलात तर वाचणार कोण? एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुटलं, त्याची गोष्ट निराळी. उद्घाटनाची हवा चार दिवसांची, पण वेळापत्रक, तिकीट, शहरातून बेलोऱ्याला जायचं कसं, हे प्रश्न विमान उडतं तोवर राहणार. उद्घाटनाची बातमी वर्तमानपत्रांना लिहू द्या, तुम्ही दुसऱ्या दिवशीचं पान लिहा.

आणि तिसरं उदाहरण कावडीचं. गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला यायची अकोल्याची कावड श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी निघते. हा उंचवटा दर वर्षी येणार हे नक्की, पण इंग्रजी महिन्यात तो जागा बदलतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणून शेवटचा सोमवार ११ सप्टेंबरला आला. २०२५ मध्ये तो १८ ऑगस्टला होता. ट्रेंड्सला अधिक मास कळत नाही, तुम्हाला कळतो. मागच्या वर्षीच्या उंचवट्याची तारीख धरून बसलात तर गाडी चुकेल, कालनिर्णय उघडा.

गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनातही एक प्रश्न लेखकांना विचारलेला आहे: हा विषय सध्या चालतोय म्हणून लिहिताय, की एरवीही तुमच्या वाचकांसाठी लिहिला असता? अकोल्याच्या वेबसाइटवर दिल्लीच्या नटीचं लग्न आलं की उत्तर सगळ्यांनाच कळतं.

कावडीचं पान आषाढातच तयार ठेवा. त्यात मार्ग, बंद राहणारे रस्ते, गाड्या कुठून वळवल्या आहेत, कोणत्या मंडळाची कावड किती भरण्यांची, हे सगळं येऊ द्या. रस्त्यांची माहिती पोलिसांची अधिसूचना निघाली की त्याच दिवशी बदला. दर वर्षी नवं पान काढू नका. पत्ता तोच ठेवा आणि त्यात साल घालू नका.