बाळाची झोळी, दुपटी आणि गोधडी : स्वच्छता कशी ठेवाल?

तान्हे मूल दिवसाचे बरेच तास झोळीत किंवा गोधडीवर असते. तिथेच ते झोपते, शी-शू करते, दूध ओकते. त्याचे अंगावरचे कपडे आपण रोज धुतो, पण झोळीचे कापड आठ-आठ दिवस तसेच टांगलेले राहते आणि गोधडी तर सणासुदीलाच निघते. मग बाळाच्या मांड्या लाल होतात, अंगावर पुरळ येते, रात्री ते खाजवून रडते आणि आपण मलम शोधत फिरतो. अनेकदा दुखण्याचे मूळ अंथरुणात असते. म्हणून या अंकात बाळाच्या अंथरुणाविषयी.

लघवीचा वास का येतो?

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती कापडात मुरली की जंतू तिच्यातील युरियाचे अमोनियात रूपांतर करतात. डोळ्यांना झोंबणारा वास तो हाच. यानेच बाळाची नाजूक कातडी सोलवटते. ओले दुपटे न धुता नुसते वाळवून पुन्हा घातले, तर हा त्रास वाढतो. ते पाण्यातून काढलेच पाहिजे.

कमी पाण्यात धुण्याची रीत

1. शी आधी कागदाने किंवा चिंधीने काढून संडासात टाका. गटारात किंवा दारासमोर नको. तान्ह्या बाळाच्या शीतही रोगजंतू असतात. त्यानंतर साबणाने हात धुवा.
2. दुपटे आधी थंड पाण्यातून काढा. पहिलेच पाणी गरम घेतले तर शी-दुधाचे डाग पक्के बसतात.
3. साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून चोळा.
4. फेस जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून खळबळा. कापडात राहिलेला साबणही बाळाच्या अंगाला खाज आणतो. पाणी तासभरच येत असेल, तर शेवटचे स्वच्छ पाणी पुढच्या खेपेला कपडे भिजवायला ठेवा.
5. कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा.

दर वेळी पाण्यात जंतुनाशक औषध टाकण्याची गरज नाही. साबण, पुरेसे पाणी आणि ऊन एवढे पुरते. दुपटी रोज, झोळीचे कापड आठवड्यातून दोनदा आणि गोधडी पंधरा दिवसांतून एकदा धुवा. गोधडीवर मेणकापड आणि त्यावर जाड दुपटे घातले तर गोधडी सारखी धुवावी लागत नाही. मेणकापड नीट खोचून घ्या. पातळ प्लॅस्टिकची पिशवी मात्र कधीही वापरू नका, ती तोंडावर येऊन मूल गुदमरू शकते.

पावसाळ्यात गोधडी आतून ओली राहिली तर बुरशी धरते. पंख्याखाली दोरीवर पसरा, उघडीप मिळताच बाहेर काढा आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका.

झोळी धुताना पारखून घ्या

झोळीच्या कापडाला ब्लीच लावू नका. त्याने सूत कुजते आणि या कापडावर तर बाळाचा सगळा भार असतो. धुतल्यावर कापड उजेडासमोर धरून पाहा. जिथे विरलेले दिसेल ते कापड दुपट्यांसाठी फाडा, झोळीला दुसरे घ्या. दोरी, गाठ आणि कडी त्याच वेळी तपासा. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

कामाच्या घरून कधी जुनी गादी, बाबागाडी किंवा मोटारीतली बाळाची सीट मिळते. तिचे निघणारे कापड काढून धुवा. पट्टे मात्र भिजत घालू नका, ओल्या फडक्याने पुसा. पट्टा फाटलेला असेल किंवा सीट अपघातातली असेल तर मोटारीत वापरू नका. घरात बाळाला झोपवायला ही सीट नको. मान छातीवर दुमडली की श्वास अडतो. झोळीतही हेच होऊ शकते, म्हणून बाळ गाढ झोपले की सपाट अंथरुणावर उताणे ठेवा.

खरूज असेल तर

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुटकुळ्या, आणि तान्ह्या मुलाच्या तळहात-तळपायांवरही, ही खरजेची लक्षणे आहेत. खरूज घाणेरड्या घरातच होते हा समज चुकीचा आहे. ती कातडीखाली राहणाऱ्या बारीक किड्यामुळे होते आणि अंगाला अंग लागून पसरते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपत असतील तर एकाची सर्वांना होणारच. त्यात लाज कसली? लपवल्याने ती शेजारच्या मुलापर्यंत जाते, एवढेच होते.

पालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. साधारणतः परमेथ्रिन मलम देतात. खाज नसली तरी घरातील सर्वांनी ते एकाच दिवशी लावायचे असते आणि सांगितल्याप्रमाणे पुन्हा एकदा लावायचे असते. दोन महिन्यांखालील बाळाला आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारूनच लावा. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने खाज दबते, किडा मरत नाही.

त्याच दिवशी अंथरूणही हाताळा, नाहीतर केलेला उपाय वाया जाईल. मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, दुपटी, झोळी हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात भिजवून धुवा आणि उन्हात घाला. हे पाणी मुलांपासून लांब ठेवा. धुता न येणारी गादी-उशी मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो. उपायानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. म्हणून रोज मलम चोळत बसू नका. नव्या पुटकुळ्या दिसल्या तर पुन्हा दाखवा.

डांबरगोळ्या नकोत

बाळाच्या कपड्यांत, गोधडीत डांबरगोळ्या ठेवू नका. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते. डांबरगोळीच्या वासानेही त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि जिवावर बेतणारी कावीळ होऊ शकते. शिवाय रांगणारे मूल गोळी खाऊ समजून गिळते. पेटीत ठेवलेले जुने बाळंतविड्याचे कपडे धुऊन, उन्हात वाळवूनच वापरा.

शेवटी एक. बादल्या भरणे आणि भिजलेली गोधडी पिळणे ओल्या बाळंतिणीचे काम नव्हे. ते बाळाच्या वडिलांनी, काकांनी, आजोबांनी करावे. मूल सर्वांचे आहे, तसे त्याचे अंथरूणही.