जात्यापाशी सुचलेली गाणी



‘आमच्या पोरांना धड मराठी बोलता येत नाही, त्यांना काय सुचणार?’ असे मी पाड्यावरच्या आईबापांकडून नेहमी ऐकते. मुलेही ते खरे मानतात आणि वर्गात गप्प बसतात. म्हणून या वेळचा पाठ बहिणाबाई चौधरींच्या आयुष्यावरून घेऊ.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, शेतात राबताना त्या आपल्या बोलीत गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने त्यांतली काही वहीत उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

त्यांच्यापाशी वेगळे असे काय होते? जाते, चूल, शेत आणि सुगरणीचा खोपा. हे तर आपल्याही दाराशी आहे. त्यांनी ते नीट पाहिले आणि त्यात माणसाचे जगणे ओळखले. प्रभू येशूनेही पेरणारा, मोहरीचा दाणा आणि पिठातले खमीर यांवरूनच शिकवले.

घरी लावता येतील अशा तीन सवयी:

१. रोज एक गोष्ट थांबून पाहा. मुलाला विचारा, ‘काल दिसले नव्हते असे आज काय दिसले?’

२. ‘हे कशासारखे आहे?’ असे विचारा. मुंग्यांची रांग कशासारखी? पहिल्या पावसाचा वास कशासारखा? उत्तराला हसू नका.

३. भिली, पावरी, अहिराणी, जी घरची बोली असेल तिच्यात बोलू द्या. मध्येच चूक काढली की मूल थांबते. ते म्हणेल तसेच लिहून घ्या आणि त्याला वाचून दाखवा. प्रमाण मराठी त्यानंतर शिकवता येते.

तिसरी सवय मला सर्वांत मोलाची वाटते. वही नसती, तर ती गाणी बहिणाबाईंबरोबरच गेली असती. आपल्या पाड्यांवरच्या कितीतरी आजीबाईंची गाणी अशीच त्यांच्याबरोबर जातात.

या महिन्याची कृती: एक वही घ्या. मुलांनी आजीकडून एक गाणे किंवा गोष्ट ऐकून तिच्याच शब्दांत लिहावी.

विचारासाठी: आपल्या घरात कोणाचे बोलणे आपण अर्ध्यावर थांबवतो?