स्वखुशीचा राजीनामा : खुशी कोणाची?



कारखान्याला मंदीचा फटका बसतो, नवी यंत्रे येतात किंवा कारखान्याची जागा विकायचे ठरते. मग एके दिवशी कामगाराला ऑफिसात बोलावून त्याच्यापुढे एक कागद ठेवला जातो. आपण वैयक्तिक कारणासाठी, स्वखुशीने नोकरी सोडत आहोत, असा त्यातला मजकूर असतो. आज सही केलीस तर अमुक रक्कम मिळेल, नाही केलीस तर पुढचे सांगता येत नाही, एवढेच त्याला तोंडी ऐकवले जाते. घरी मुलांच्या फिया, आईचे औषधपाणी आणि सोसायटीचा हप्ता थांबलेला नसतो. तो सही करतो.

आपल्या धर्मग्रामात अशी सही केलेले आहेत. असा कागद पुढे करण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते तेही आहेत आणि औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन दहा-वीस माणसांना रोजगार देणारेही आहेत. रविवारी हे सर्व एकाच वेदीभोवती जमतात. म्हणून या सहीचा विचार ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या प्रकाशात करणे आपल्याला आवश्यक वाटते.

वादळातील जहाज

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्रात एक उदाहरण दिले आहे. भर समुद्रात वादळ होते. जहाज बुडू नये म्हणून कप्तान त्यातला माल पाण्यात फेकून देतो. त्याने हे स्वेच्छेने केले का? एका अर्थाने हो, कारण हात त्याचाच होता आणि निर्णयही त्याचाच. पण शहाणा माणूस एरवी आपला माल कधी समुद्रात टाकत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. भीतीपोटी केलेली कृती त्या प्रसंगापुरती स्वेच्छेची असते, परंतु प्रसंग बाजूला ठेवून पाहिले तर ती इच्छेविरुद्धच असते, असे त्यांनी म्हटले.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सही करणारा कामगार भेकड नसतो. त्याने घरादारासाठी माल पाण्यात टाकलेला असतो. त्याला कोणी हिणवू नये आणि त्यानेही स्वतःला दोष देत बसू नये. दुसरी, वादळ कोठून आले हे विचारलेच पाहिजे. मंदी खरी असेल तर मालक आणि कामगार एकाच जहाजात आहेत. पण सही मिळावी म्हणून कोणी मुद्दाम भीती घातली असेल, तर 'त्याने स्वतःच सही केली' असे म्हणून त्याला हात झटकता येणार नाहीत.

पोप लिओ तेरावे यांची शिकवण

दिनांक 15 मे 1891 रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. दोघांनी मिळून करार केला म्हणजे मजुरी न्याय्य ठरली, असे त्या काळचे अर्थशास्त्र मानत असे. पोपमहोदयांनी ते नाकारले. गरजेपोटी किंवा अधिक मोठ्या संकटाच्या भयाने कामगाराने कठोर अटी मान्य केल्या, तर तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी आहे, असे त्यांनी शिकवले. कराराच्याही वर नैसर्गिक न्याय असतो, हा या शिकवणुकीचा गाभा आहे. मजुरीला जो नियम, तोच राजीनाम्यालाही लागू होतो.

त्याच परिपत्रकात रविवारच्या विश्रांतीचा आग्रह आहे. आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 रोजी, म्हणजे त्याआधी अकरा महिने. हे पत्रक आज सवडीने वाचता येते, त्यामागे त्या कामगारांच्या संघटनेचे श्रम आहेत. 2025 साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले. तेही याच परिपत्रकाची आठवण ठेवून.

कायद्यात या सहीला काय अर्थ आहे?

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचे असेल, तर कारण देऊन एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. शेवटी आलेल्याला साधारणतः आधी काढायचे आणि वर्षाच्या आत पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना प्राधान्य द्यायचे, असाही नियम आहे. तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही मर्यादा शंभर होती.

परंतु कामगाराने स्वेच्छेने निवृत्ती घेतली, तर कायदा त्याला कपात मानत नाही. मग वरील संरक्षण त्याला मिळत नाही. त्या 'स्वखुशीने' या शब्दाला एवढे वजन का, ते येथे कळते. म्हणून कागद घरी आणावा, जाणकाराला दाखवावा, विचारासाठी वेळ मागावा. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी हे कामगाराचे हक्काचे पैसे आहेत. देऊ केलेल्या रकमेत ते धरले आहेत का, हे आधी वेगळे करून पाहावे.

न्याय दोन्ही बाजूंनी

कोणालाही कधीच कामावरून काढू नये, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. ऑर्डरच नसतील तर लहान गाळेवाला पगार कोठून देणार? पण त्याने खरी परिस्थिती वेळेवर सांगावी, हिशेब मोकळा ठेवावा, काटकसर वरपासून सुरू करावी आणि कागदावर खोटे कारण लिहून घेऊ नये. 1981 च्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी भांडवलापेक्षा श्रमाला अग्रक्रम दिला आहे, कारण श्रमामागे माणूस असतो. मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असे संत याकोबही आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात बजावतात.

कामगारांचीही कर्तव्ये आहेत. कबूल केलेले काम प्रामाणिकपणे करणे, मालमत्तेची नासधूस न करणे, हिंसेपासून दूर राहणे हे पोप लिओ यांनी स्पष्ट सांगितले. संप हा न्याय्य परंतु शेवटचा उपाय आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि लाखाहून अधिक कामगार पुन्हा गिरणीत जाऊ शकले नाहीत. मागण्या रास्त असल्या तरी परतीची वाट आधी पाहून ठेवावी लागते, हा त्यातला कडू धडा आहे.

आपण काय करावे?

मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळायला आला तरी बाजारात जातो. तेथे काही माणसे रिकामी उभी असतात. तो त्यांना आळशी म्हणत नाही, कारण विचारतो. कोणी कामाला लावले नाही, एवढेच त्यांचे उत्तर. तो ते खरे मानतो आणि संध्याकाळी त्यांच्याही हातावर पूर्ण दिवसाचा रोज ठेवतो. त्यांच्याही घरी चूल पेटायची असते, हे त्याला ठाऊक आहे. नोकरी गेलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, यावरून आपण त्या धन्याच्या किती जवळ आहोत हे कळेल. तो मिस्साला यायचे टाळू लागला असेल, तर वाट पाहू नका, त्याच्या घरी जा.

लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या विभागात काम गमावलेले कोण आहेत? त्यांना शेवटचे कोण भेटले?
2. आपण मालक, व्यवस्थापक वा ठेकेदार असाल, तर एखाद्याच्या भीतीचा उपयोग करून सही घेतली आहे का?
3. कागद वाचून समजावून देऊ शकतील असे वकील, लेखापाल, युनियनचे जुने कार्यकर्ते आपल्यात कोण आहेत?

प्रार्थना

हे प्रभो, तू नाझरेथच्या सुताराच्या घरी घाम गाळलास. ज्यांचे काम गेले त्यांना धीर दे, ज्यांच्या हाती इतरांचे काम आहे त्यांना सत्य बोलण्याचे बळ दे, आणि आम्हा सर्वांना एकमेकांची दारे ठोठावायला शिकव. आमेन.