श्वास कोंडतो तो कशामुळे?

सोडा घाईने प्यायलं की नाकात झणका येतो. तो झणका कार्बन डायऑक्साइडचा. हा वायू नाकातल्या ओलसर अस्तरात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं आणि तिथल्या मज्जातंतूंची टोकं चुरचुरतात.

अशी टोकं घशापासून फुप्फुसापर्यंत पसरलेली आहेत. त्यातली काही फक्त ताण मोजतात. छाती हवेने भरली की मेंदूला कळवतात, ‘पुरे आता.’ पण श्वासनळीत कार्बन डायऑक्साइड वाढला की ही टोकं मंदावतात, ‘पुरे’चा निरोप कमी जातो आणि श्वास खोल होतो. मोठी राखण मात्र मेंदूच्या देठाची आणि मानेतल्या रक्तवाहिनीजवळच्या बारीक गाठींची.

श्वास रोखून बघा. जीव कासावीस होतो. आपल्याला वाटतं, ऑक्सिजन संपला. खरं तर रक्तात साचलेला कार्बन डायऑक्साइड आतून ढकलत असतो. बाहेरच्या हवेत तो साधारण ०.०४ टक्के, सोडलेल्या श्वासात सुमारे ४ टक्के.

आणि इथेच धोका आहे. ऑक्सिजन कमी झाल्याची खूण शरीराला फार उशिरा आणि पुसट मिळते. बंद सेप्टिक टाकीत उतरलेला माणूस श्वास सोडतच असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातच असतो, म्हणून अनेकदा फारशी घुसमट न होताच तो कोसळतो. नोकरीत असताना मी अशा घटनेतली दोन माणसं एकदम आलेली पाहिली आहेत. एक उतरलेला, दुसरा त्याला काढायला गेलेला. दुसऱ्याला कुणी थांबवलं असतं तर!

सडक्या अंड्याच्या वासाचा वायू जास्त असेल तर नाकच बधिर करतो. ‘वास गेला, आता उतरू’ हे म्हणणं म्हणूनच घातक. काडी पेटवून तर मुळीच बघू नका. आत मिथेन असला तर भडका उडतो. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड तर ना वास देतो ना झणका. घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा.

टाकीत कुणी पडलं तर ताई, दादांना मागे ओढा. १०१ किंवा ११२ लावा. श्वासाचं यंत्र लावलेला माणूसच आत जाईल. सुरक्षेची साधनं न देता गटारात किंवा टाकीत माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गटारातल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये भरपाई ३० लाख रुपये ठरवली आहे. ठेकेदार दारात आला तर हे त्याला तोंडावर सांगा.